दुपट्याच्या घडीतला कागद

सोमवारी सकाळी रबरी विजारीनं दगा दिला.

छातीपर्यंत येणारी, बुटांसकट अखंड अशी ती विजार बेडूकबाईनं सात वर्षं तळ्यात वापरली होती. काट्यांनी ओरखडली, उन्हानं तडकली, पण अंगात शिरायला तिनं कधी कुरकुर केली नव्हती. आज मात्र कमरेपाशी येऊन अडली ती अडलीच. बेडूकबाईनं श्वास रोखला, पोट आत घेतलं, पलंगावर आडवी पडून पायही झाडून पाहिले. पाचवा महिना सरत आला होता. पोट आता तिच्या एकटीच्या हुकमातलं राहिलं नव्हतं.

“कुणाशी लढाई चाललीय?” दारातून नवऱ्यानं विचारलं. नवरा सुतार. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये खुर्च्या-कपाटं करायचा. हातात पटाशी आणि कानावर पेन्सिल नसेल तर तो शेजाऱ्यांनाही ओळखू यायचा नाही.

“तुझ्या लेकराशी.”

त्यानं विजार उलटीपालटी करून पाहिली. “बाजूची शिवण उसवतो आणि जुन्या ट्यूबची पट्टी डकवतो. तासाभराचं काम.”

“पाणी शिरेल.”

“शिरलं तर सुतारकी सोडेन,” तो म्हणाला, आणि खरोखरच तासाभरात काळ्या विजारीला दोन्ही बाजूंनी लालभडक पट्ट्या बसल्या. घरात दुसऱ्या रंगाची ट्यूब नव्हती. पाणी शिरलं नाही हे खरं, पण पाच महिने सैल कोटाखाली झाकलेली गोष्ट त्या लाल पट्ट्यांनी दुपारपर्यंत सगळ्या संस्थेला सांगून टाकली. कारागिरी चोख असली की अशीही फजिती होते.

बेडूकबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. निसर्ग-संशोधन संस्थेतल्या मंडळींनी थट्टेनं ठेवलेलं, आणि तिनं हसून घेतलेलं. गावाबाहेर खडीची एक जुनी खाण होती. तिच्यात साठलेल्या पाण्याचं तळं झालं होतं आणि त्या तळ्यात नारिंगी पोटाचे लहान बेडूक राहायचे. प्रत्येकाच्या पोटावर काळे ठिपके, आणि एकाचे ठिपके दुसऱ्यासारखे कधीच नाहीत. बेडूक काचेच्या बशीत ठेवायचा, बशी उचलून खालून पोटाचा फोटो काढायचा, आणि तो जुन्या फोटोंशी ताडून पाहायचा: कोण आलं, कोण आलं नाही. सात वर्षांत चारशे बारा बेडकांची चारशे बारा कार्डं तिनं अशी जमवली होती.

जमवता जमवता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. एखादी मादी अख्ख्या मोसमात दिसली नाही की संस्थेच्या जुन्या रीतीप्रमाणे तिच्यापुढे ‘मृत’ असं लिहीत. विभागप्रमुख सरांचं तरुणपणीचं सगळं काम त्या एका शब्दावर उभं होतं. बेडूकबाईला मात्र वाटत होतं की खूप अंडी घातलेली मादी एखादं वर्ष, कधी दोन वर्षं, तळ्यावर येतच नाही. कुठेतरी दगडाखाली बसून अंगावर मांस चढवते आणि मग परत येते. हे सिद्ध करायला तिला आठवा मोसम हवा होता. तो नुकताच सुरू झाला होता.

दुपारी सरांनी बोलावलं. सर माणूस वाईट नव्हते, हेच तर खरं दुखणं. वाईट माणसाशी भांडता येतं. गोड माणसापुढे आपलाच आवाज आपल्याला कर्कश वाटू लागतो.

“अगं, आनंदाची बातमी अशी लपवतात का?” ते खुर्चीतून अर्धे उठले. “आम्ही काय परके? बस, बस. पाय वर घे हवं तर.”

“ठीक आहे, सर.”

“शुक्रवारच्या वार्षिक बैठकीत उरकून टाकू. आपली रीत तुला ठाऊकच आहे. तळं आपला लांब्या सांभाळेल. तू निवांत हो.”

रीत तिला ठाऊक होती. कोणी संशोधक बाई गरोदर राहिली की सगळे वर्गणी काढत, पिवळं मऊ दुपटं आणत, आणि वार्षिक बैठकीत टाळ्यांच्या गजरात तिच्या हातात देत. दुपट्याच्या घडीत एक कागद असे. ‘स्वेच्छा हस्तांतर पत्र’. ‘मी कौटुंबिक कारणास्तव, कोणत्याही दबावाशिवाय, माझे निरीक्षणक्षेत्र सहकाऱ्याच्या स्वाधीन करीत आहे.’ सहकाऱ्याचं नाव आधीच टंकलेलं असे. सगळे हसतमुखानं बघत असताना बाई तिथल्या तिथे सही करत असे, आणि मग केक कापला जात असे.

“किती दिवस सांभाळेल तो?” तिनं विचारलं.

“ते बघू गं पुढे. बाळ तर मोठं होऊ दे आधी.”

“आणि मी नाही म्हटलं तर, सर?”

सर हसले. “नाही कशाला म्हणशील? तुझ्याच भल्याचं आहे.” मग चष्मा पुसत, कुठेतरी खिडकीबाहेर बघत म्हणाले, “हे बघ, पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची शिफारस मलाच लिहायचीय. हट्टी माणसाची शिफारस लिहिताना माझा हात जरा जड होतो.”

ती बाहेर आली तेव्हा व्हरांड्यात लांब्याभोवती घोळका जमला होता. लांब्या तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, उंचीनं खांबासारखा, मनानं सरळ. त्याची बायकोही गरोदर होती आणि दिवस तेच. गेल्याच आठवड्यात सरांनी त्याची पाठ थोपटून नेमणूक दोन वर्षांनी वाढवली होती. “संसार वाढतोय, आता याला स्थैर्य हवं,” असं म्हणाले होते. म्हणजे बाळ येणार म्हणून त्याला दोन वर्षं जास्त, आणि बाळ येणार म्हणून हिचं तळं गेलं. आता बोला!

संध्याकाळी तिनं घरी सगळं सांगितलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता निकाल दिला.

“मग सही कर आणि मोकळी हो. चिखलात पाय घसरला म्हणजे कळेल. बेडकं काय कुठं पळून जातायत?”

“बेडकं नाही पळत, आई. तळं पळतं.”

“शब्दांचे खेळ नकोत. पहिलं बाळंतपण आहे. नोकऱ्या काय, पुन्हा मिळतात.”

नवऱ्यानं कानावरची पेन्सिल काढून परत ठेवली. “आई, मी दिवसभर मागच्या शेडमध्येच असतो की. बाळ मी बघेन.”

“तू?” सासूबाईंनी आता मान वर केली. “तुला कानावरची पेन्सिल घरभर शोधावी लागते, आणि तू पोर सांभाळणार? उद्या दारावर गिऱ्हाईक येईल आणि तू खांद्यावर बाळ घेऊन उभा. लोक हसतील.”

“हसू देत.”

“तुला काय जातंय म्हणायला! नावं मला ठेवतील, माझ्या घराला ठेवतील.”

बेडूकबाई जेवली, ताटं घासली आणि खोलीत जाऊन कार्डांची पेटी मांडीवर घेऊन बसली. तिला रडू आलं आणि ती रडली. सात वर्षं कुणाच्या एका सहीनं पुसली जावीत, आणि ती सही आपणच करायची, याचा तिला मनस्वी संताप आला होता.

मंगळवारी ती नमुनाघरात गेली. बरण्या, चिठ्ठ्या, वाळवलेली पानं, पिसं यांची ती लांबट खोली नमुनाघरातल्या ताईंच्या ताब्यात होती. ताई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. बरण्या धुवायच्या, पुसायच्या, दुसऱ्यांनी आणलेल्या नमुन्यांवर दुसऱ्यांची नावं लिहून चिकटवायची, हे त्यांचं काम. त्या एकेकाळी स्वतः संशोधक होत्या, असं बेडूकबाईनं उडत उडत ऐकलं होतं, पण कधी विचारलं नव्हतं. आपण सगळेच असे असतो. रोज ज्यांच्या हातून वस्तू घेतो त्यांना काही विचारत नाही.

“ताई, ते हस्तांतराचे जुने कागद कुठे असतात?”

ताईंनी हातातली बरणी खाली ठेवली. किल्ली न शोधता त्यांनी एका कपाटाचं दार उघडलं आणि एक फाईल काढली. इतक्या सहज, की जणू रोज काढतात.

“चौदा आहेत. चौदाही बायका.”

“पुरुष एकही नाही?”

“पुरुषांना मुलं होत नाहीत वाटतं,” ताई म्हणाल्या.

बेडूकबाई एकेक कागद पाहत गेली. सर्वांत वरचे तीन तिच्या काळातले होते. त्या तिन्ही वेळी तिनं वर्गणी दिली होती. एकदा तर दुपटंही तिनंच आणलं होतं. तिन्ही वेळी तिनं हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या. तिला त्या खोलीत उभं राहणं कठीण झालं.

“यातली किती क्षेत्रं परत मिळाली, ताई?”

“एकही नाही. दोघीतिघी शिकवण्या घेतात, एक दुकान बघते, एक इथेच कचेरीत टंकते. बाकीच्यांचं ठाऊक नाही. आणि मी इथे.” ताईंनी सर्वांत खालचा कागद बोटानं सरकवला. “नदीकाठचं कुरण होतं माझं. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचं काम. मी सही करताना हातानं लिहिलं होतं बघ, ‘सहा महिन्यांसाठी’. त्याला अकरा वर्षं झाली. ज्याला दिलं तो त्या कामावर मोठा होऊन दुसऱ्या संस्थेत गेला. कुरण पडून आहे. कोणी मोजतसुद्धा नाही.”

“पण असा नियम आहे तरी कुठे?”

“सेवानियमांची पुस्तिका मला तोंडपाठ आहे. नियम नाही, बाई. रीत आहे. नियम असता तर कोर्टात गेले असते.” ताईंनी पुन्हा बरणी उचलली आणि मऊ कापडानं पुसायला लागल्या. कापड विटलेलं होतं, पण मूळचा पिवळा रंग शिवणीपाशी अजून दिसत होता. कडेला बारीक बदकं विणलेली होती.

बेडूकबाईनं ते दुपटं ओळखलं. ती फाईल काखेत मारून बाहेर पडली, आणि ताईंनी तिला अडवलं नाही.

बुधवारी सकाळी ती निघाली तेव्हा सासूबाई चपला घालून दारात उभ्या. हातात छत्री, घडीचं स्टूल, पाण्याची बाटली.

“कुठे, आई?”

“तुझ्याबरोबर. तुझ्यासाठी नाही, माझ्या नातवंडासाठी. पाय घसरला तर धरायला कुणी नको?”

तळ्यावर पोचल्यावर सासूबाईंनी खाणीच्या दगडांना, चिखलाला, माशांना आणि सुनेच्या लाल पट्ट्यांना यथेच्छ नावं ठेवली. मग काठावर स्टूल टाकून, डोक्यावर छत्री धरून बसल्या. सून पाण्यात उतरली. एकेक बेडूक धरायचा, बशीत ठेवायचा, काठावर आणून द्यायचा, आणि पुन्हा पाण्यात. तिसऱ्या फेरीला तिच्या लक्षात आलं की सासूबाई बशी हातात घेऊन खालून निरखून बघताहेत.

“ही मघाशी दिली होतीस की,” सासूबाई म्हणाल्या. “हीच. पोटावर उलटा ‘क’ आहे, शेजारी दोन टिंबं, त्यातलं एक फुटकं.”

बेडूकबाईनं ताडून पाहिलं. तीच होती. तिला स्वतःला कार्डाशिवाय इतक्या लवकर ओळखता आली नसती.

सासूबाई लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं छापखान्यात खिळे जुळवायच्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शिशाची अक्षरं खणातून उचलायची, उलटी मांडायची, उलटीच वाचायची. मोडकं टिंब हजार अक्षरांतून हेरणारी ती नजर इतकी वर्षं घरात नुसती तांदळातले खडे शोधत बसली होती. कार्डांची पेटी मांडीवर घेतली तशा त्या बोलायच्या थांबल्या. छत्रीही बाजूला पडली.

दुपार टळायच्या आत त्यांनी एक कार्ड वर धरलं. “ही बघ. बशीतली आणि ही एकच. पण हिच्यापुढे तर लाल अक्षरात ‘मृत’ लिहिलंय.”

एकशे एकोणतीस नंबर. तीन वर्षांपूर्वी शेवटची दिसलेली. मोसम संपल्यावर संस्थेच्या रीतीनं मेलेली ठरलेली. बशीत ती चांगली धष्टपुष्ट बसली होती आणि रागानं पाय ताणत होती.

बेडूकबाई पाण्यात उभ्या उभ्याच आनंदानं ओरडली. मग तिनं सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं: का येत नाहीत, कुठे जातात, आणि न आलेलीला मेलेली म्हणण्याची सोय कुणाला होते.

सासूबाईंनी बशी पुन्हा डोळ्यांजवळ धरली. “हा जन्मला तेव्हा,” त्या म्हणाल्या, म्हणजे सुताराबद्दल, “मालक म्हणाले, दोन महिन्यांनी या, तुमची जागा आहेच. दोन महिन्यांनी गेले. माझ्या खणापुढे दुसराच माणूस बसलेला. मालक म्हणाले, आम्हाला वाटलं तुम्ही आता येत नाही.” त्यांनी बेडकीला अलगद पाण्यात सोडलं. “मी काही बोलले नाही. घरी येऊन सांगितलं, मीच सोडली.”

“आई, तुम्ही हे कधी—”

“कुणी विचारलं? चल, पुढची दे. ऊन चढतंय.”

गुरुवारी त्या सुनेच्या आधी तयार होत्या. दोन दिवसांत ‘मृत’ लिहिलेल्या नऊ माद्या तळ्यात जिवंत सापडल्या. परतताना सासूबाई म्हणाल्या, “उद्या सही करायची नाही.”

“लोक हसतील, आई.”

“हसतील त्यांचे दात दिसतील.”

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. पुढच्या टेबलावर केक, केकशेजारी रंगीत कागदातलं पुडकं. सर उठले, दोन विनोद केले, तळ्याचं कौतुक केलं, मातृत्वाचं त्याहून जास्त केलं. टाळ्या वाजल्या. बेडूकबाई पुढे गेली, पुडकं सोडलं. पिवळं दुपटं, कडेला बदकं, घडीत कागद. सरांनी स्वतःचं पेन टोपण काढून पुढे केलं.

“आधी दोन शब्द बोलते, सर.”

“बोल की! आज तुझाच दिवस.”

तिनं कागद उघडला आणि मोठ्यानं वाचला. ‘कोणत्याही दबावाशिवाय’ या शब्दांवर आली आणि थांबली. मग म्हणाली, “गेल्या अकरा वर्षांत ज्यांच्या घरी मूल आलं, त्यांनी जरा हात वर करा.”

लोकांना वाटलं काही खेळ आहे. हसत हसत हात वर झाले. बायकांमध्ये दोन, पुरुषांमध्ये नऊ.

“आता ज्यांच्या दुपट्यात असा कागद निघाला होता, त्यांचेच हात वर राहू देत.”

नऊ हात खाली गेले. दोन राहिले. हसणं थांबलं.

“माझ्याकडे असे चौदा कागद आहेत. चौदाही बायकांचे. एकीचंही क्षेत्र परत मिळालेलं नाही. सेवानियमांत यासाठी एक ओळही नाही. लांब्या, तुझंही बाळ त्याच महिन्यात येतंय. तुझ्यापुढे कागद का नाही रे?”

लांब्या गोंधळला. “अगं, पण… माझ्या घरी बायको आहे ना.”

दोघेतिघे हसले. लांब्या मात्र हसला नाही. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. त्याचे कान लाल झाले.

“आहे ना. माझ्याही घरी माणूस आहे. सुतार आहे, आणि तुझ्या बायकोइतकाच त्यालाही बाळ धरता येईल, शिकला तर. मी आठ आठवडे येणार नाही. नियमातली रजा आहे ती. त्या आठ आठवड्यांत मोजणी कशी होईल ते मी लिहून दिलंय. माझ्या नावावर होईल.” तिनं पिशवीतून नऊ कार्डं काढून टेबलावर ओळीनं मांडली. “आणि या बघा. या नऊजणी आपण मेल्या म्हणून लिहून टाकल्या होत्या, कारण एक-दोन वर्षं त्या आपल्याला दिसल्या नाहीत. काल आणि परवा त्या माझ्या तळ्यात होत्या. सर, आपण बेडकांच्या बाबतीत चुकलो, ते समजू शकते. त्या बोलत नाहीत. पण या चौदाजणी तर रोज समोर बोलत होत्या.”

सरांचा चेहरा उतरला. पण ते सर होते, त्यांनी आवाज चढवला नाही. “तू थकली आहेस. भावनेच्या भरात असं बोलू नये. मग पुढच्या नेमणुकीचं मी काहीच सांगू शकणार नाही, एवढं लक्षात ठेव.”

घर अर्धं तिच्या पगारावर चालत होतं. पण तिनं पेनाला हात लावला नाही.

“ठेवते लक्षात. शिफारस लिहिताना तुमचा हात जड होतो म्हणालात. माझाही आज जड झालाय, सर. ही सही होत नाही.” तिनं दुपटं उचलून छातीशी धरलं. “दुपटं ठेवते. बाळाचा त्यात काही दोष नाही. कागद तेवढा परत घ्या.”

कागद केकशेजारी पडून राहिला. कोणी टाळी वाजवली नाही.

मग मागच्या रांगेत खुर्ची सरकली. नमुनाघरातल्या ताई उठल्या. त्यांच्या हातात तो बरण्या पुसण्याचा कपडा होता. बहुधा ठेवायचा विसरल्या होत्या. त्या सावकाश पुढे आल्या आणि बेडूकबाईच्या फाईलमधून सर्वांत खालचा कागद काढून सरांसमोर ठेवला.

“यावर मी ‘सहा महिन्यांसाठी’ लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “मुलगी अकरा वर्षांची झाली, सर. माझं कुरण मला परत हवंय.”

सरांनी कागद उचलून वाचला. अक्षर ताईंचं, तारीख बरोबर, खाली साक्षीदार म्हणून सही खुद्द सरांची.

एवढ्यानं जग बदललं असं सांगून वाचणाऱ्याला मी फसवणार नाही. पुढच्या वर्षाच्या नेमणुकीचं पत्र बेडूकबाईला आजतागायत आलेलं नाही. तिनं चौदा कागदांच्या प्रती जोडून संस्थेच्या कार्यकारी मंडळाकडे अर्ज दिला. चौदांपैकी सातजणींनी त्यावर सह्या केल्या, तिघी घाबरल्या, बाकीच्यांचा पत्ता लागला नाही. चौकशी चालू आहे म्हणतात. ताईंनी कुरणाची परवानगी यायची वाट पाहिली नाही. रविवारी स्वतःची दुर्बीण घेऊन जातात. आणि आठवड्याभरानं लांब्या तळ्यावर येऊन उभा राहिला. “मोजायला आलोय. तुझ्या नावावर,” एवढंच म्हणाला. त्यानंही बाळासाठी रोज अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला तेव्हा कचेरीत पुष्कळ फिदीफिदी झाली. सासूबाईंनी त्याला दातांचं ते वाक्य शिकवून ठेवलं होतं, ते त्यानं वापरलं.

मुलगी झाली. आठ आठवडे तळ्यावर सासूबाई बसल्या; लांब्या पाण्यात आणि त्या बशीपाशी. मोजणीच्या वहीत बेडकांच्या रकान्याशेजारी निरीक्षकाचा रकाना असतो. त्यात पहिल्या दिवशी लांब्या सवयीनं स्वतःचं नाव लिहायला गेला, तर त्यांनी वही ओढून घेतली.

नवव्या आठवड्यात बेडूकबाई तळ्यावर आली. काठावर नवरा, त्याच्या खांद्यावर पिवळ्या दुपट्यात बाळ, आणि कानावर अर्थातच पेन्सिल. विजार आता सैल झाली होती. तिनं वही उघडली. आठही आठवडे, निरीक्षकाच्या रकान्यात, छापल्यासारख्या नेटक्या अक्षरात सासूबाईंनी एकच ओळ लिहिली होती: ‘रजेवर. परत येणार.’

तुमच्या कचेरीत, शाळेत, छापखान्यात शेवटचा केक कापला गेला तेव्हा तुम्हीही टाळ्या वाजवल्या असतील. मीही वाजवल्या आहेत. ती बाई पुढे कुठे गेली, ते एकदा विचारून बघा.

बेडूकबाईनं नवऱ्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली, त्या आठ ओळींखाली ‘हजर’ असं लिहिलं, आणि ती पाण्यात उतरली.